मॅडमचा कर्सर

“मीनल, या माणसाला तुझ्या सॉफ्टवेअरने न्यूमोनिया केलाय.”

डॉ. टोकेकर मॅडम माझ्या मॉनिटरला नाक लावून बसल्या होत्या. समोर छातीचा एक्स-रे होता. त्यावर त्यांचं छोटंसं लेक्चर मी नुकतंच रेकॉर्ड केलं होतं आणि तेच त्यांना चालवून दाखवत होते. खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होते. आवाज स्वच्छ आला होता. खालच्या रस्त्यावरचा एकही हॉर्न ऐकू येत नव्हता. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात ऑफिस थाटून बसलेल्या माणसाला विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे.

“म्हणजे काय, मॅडम?”

“हे बघ. मूळ फिल्ममध्ये हे फुप्फुस बिलकुल नॉर्मल आहे. तुझ्या व्हिडिओत इथे, खाली, पांढरे चट्टे आलेत. असा पेशंट माझ्यासमोर आला तर मी त्याला सरळ ॲडमिट करायला सांगीन.”

मी चष्मा लावून पाहिलं. चट्टे होते.

माझं काम आधी सांगते. लोकांना ऑनलाइन प्रेझेंटेशन तयार करून देणं हा माझा धंदा. कोचिंगवाले, सीए, बँकेतून ट्रेनिंग देणारे असे सगळे माझ्याकडे येतात. त्यांना कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काहीतरी दाखवत दाखवत बोलायचं असतं आणि त्याचा व्हिडिओ हवा असतो. त्यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं त्याला स्क्रीन रेकॉर्डर म्हणतात. स्क्रीनवर जे जे घडतं ते टिपायचं, त्याला बोलणाऱ्याचा आवाज जोडायचा, एवढंच त्याचं काम. अशी सॉफ्टवेअर ढिगाने मिळतात. कुणाला कुठलं द्यायचं हे मी इतकी वर्षं ग्राहकाचा चेहरा बघूनच ठरवत आले होते. मॅडमनाही तसंच दिलं. सगळ्यांना चालतं ते.

चट्ट्यांचं कारण मला लगेच कळलं. व्हिडिओची फाइल लहान व्हावी म्हणून सॉफ्टवेअर थोडी चलाखी करतं. जवळजवळ सारखे दिसणारे रंग ते एकच करून टाकतं. कोचिंगवाल्या सरांच्या निळ्या स्लाइडमध्ये हे कुणाला समजतही नाही. पण एक्स-रेमध्ये काळा, पांढरा आणि मधले करडे, एवढंच तर असतं. डॉक्टरांचं सगळं काम त्या मधल्या करड्यांमध्ये चालतं, आणि माझं सॉफ्टवेअर नेमकं तिथेच सारवून ठेवत होतं.

“दुसरं बघते,” मी म्हणाले.

“बघ. घाई नाही आहे,” मॅडम म्हणाल्या. “पेशंट वाचला पाहिजे.”

मॅडम रेडिओलॉजिस्ट. म्हणजे एक्स-रे, सीटी स्कॅन वगैरे वाचून आत काय चाललंय ते सांगणाऱ्या डॉक्टर. ग्वाल्हेर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी फिल्म वाचायला शिकवलंय. माझ्या आईचाही एक्स-रे त्यांनीच वाचला होता, त्यामुळे मी त्यांच्यासाठी कायम ‘शिर्के बाईंची मीनल’. मला त्यांच्याकडे आणलं ते डॉ. भदौरियांनी. हे मॅडमचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच केस पांढरे झालेले. गावोगावच्या छोट्या दवाखान्यांत एक्स-रे मशीन पोचलंय, पण फिल्म वाचायला रेडिओलॉजिस्ट नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांसाठी त्यांना ऑनलाइन कोर्स काढायचा होता. आणि शिकवणार कोण, तर मॅडमच. दुसरं नाव त्यांच्या तोंडी यायला तयार नव्हतं.

फक्त मॅडम तयार नव्हत्या. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना पार्किन्सन्स झाला. उजवा हात थरथरायला लागला. तरीही त्या कॉलेजात अधूनमधून एखादं लेक्चर घ्यायला जायच्या. एकदा पडद्यावर लेझरचा लाल ठिपका नाचायला लागला आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. मॅडमनी लेक्चर पूर्ण केलं, सगळ्यांना धन्यवाद दिले आणि पुन्हा त्या कॉलेजात पाऊल ठेवलं नाही. हे सगळं मला भदौरियांनी सांगितलं. मॅडमनी स्वतः यातलं एक अक्षरही कधी काढलं नाही.

अगदी सुरुवातीला या कामासाठी भदौरियांचा फोन आला तेव्हा ते जवळजवळ कुजबुजतच होते.

“मीनल जी, मैडम ने हाँ कर दी है. एक ही शर्त है उनकी. हाथ नहीं दिखना चाहिए. बस, इससे पहले कि मन बदले, आप शुरू कर दीजिए.”

हात दिसायला नको? मला वाटलं, यात काय मोठं! कॅमेरा लावायचाच नाही. स्क्रीन दिसेल, आवाज ऐकू येईल. हात येतो कुठे?

तेव्हा अडचण फक्त चट्ट्यांची, असं समजून मी दुसरं सॉफ्टवेअर आणलं. हे फाइल मोठी करायचं, पण करडे रंग जसेच्या तसे ठेवायचं. रेकॉर्डिंग आता मॅडमच्या घरी करायचं ठरलं, गोरखीजवळच्या गल्लीत. जानेवारीची थंडी होती आणि थंडीत त्यांचा हात जास्त त्रास देतो, म्हणून ऊन खोलीत येईपर्यंत थांबायचं. ऊन आलं की नेमकी समोरच्या शाळेची मधली सुट्टी. मग सगळी गल्ली दणाणून जायची. तास सुरू झाला की आमचं काम सुरू, घंटा झाली की बंद. शाळा सोडल्यानंतर घंटेवर चालायची वेळ माझ्यावर पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या फिल्मचं रेकॉर्डिंग मी लावून दाखवलं. मॅडमनी करडे रंग तपासले. मान डोलावली.

“हां. हे तर एकदम बरोबर आहे.”

मग त्यांचं लक्ष बाणाकडे गेलं.

माउस हलवला की स्क्रीनवर जो छोटा बाण फिरतो त्याला आम्ही कर्सर म्हणतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नीट दिसावा म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्याभोवती पिवळा गोल काढतात. मीही तो चालू ठेवला होता, सवयीने. मॅडम एखाद्या जागेवर थांबून बोलायला लागल्या की तो पिवळा गोल त्या जागेवर लटलटत होता. काळ्या फिल्मवर दुसरं काही दिसतच नव्हतं.

कॅमेरा नव्हता, पण हात दिसत होता. स्क्रीनभर दिसत होता.

मॅडमनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग डावा हात उजव्या हातावर ठेवला.

“मीनल, राहू दे. तू चांगली मेहनत केलीस. भदौरियाला मी सांगते.”

“मॅडम, मला थोडे दिवस द्या.”

“कशाला परेशान होतेस? मला काही शौक नाही आहे आता.”

मला फार वाईट वाटलं. रागही आला, स्वतःच्या पिवळ्या गोलाचा. चहा तसाच ठेवून मी निघाले. इंदरगंज चौकात गाडी अडकली होती आणि मी सिग्नलकडे बघत एकच विचार करत होते. मॅडमनी आता नाही म्हटलं तर ते कायमचं असेल. त्या पुन्हा कधी माउस हातात धरणार नाहीत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते त्यांच्या घरातच राहील.

तिसरं सॉफ्टवेअर शोधायला मी अक्षरशः रान पिंजून काढलं. शेवटी एक सापडलं. त्याची खुबी अशी की ते कर्सर चित्रात मिसळत नाही. स्क्रीनचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवतं आणि कर्सर कुठून कुठे गेला याची नोंद वेगळी. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून वर रेघ काढावी, तसं. त्यामुळे नंतर कर्सर मोठा करा, लपवा, हवं ते करा, खालच्या चित्राला धक्का लागत नाही. आणि त्यात एक सोय होती, स्मूदिंग नावाची. कर्सरची वेडीवाकडी चाल ते गुळगुळीत करून देतं. हात कितीही हलला तरी बाण पाण्यातून सरकल्यासारखा जातो.

मी भदौरियांना फोन केला. “सर, मिल गया.” त्यांनी मॅडमना कसं राजी केलं ते मला माहीत नाही. बहुतेक घरी जाऊन बसले असतील. पण मॅडम एकदा करून बघायला कबूल झाल्या.

काही दिवस बसून आम्ही बऱ्याच फिल्म्स रेकॉर्ड केल्या. प्रत्येक फिल्मवरचं पेशंटचं नाव मी आधी झाकून टाकायची. मॅडमची पद्धत एकच होती. फिल्म आली की त्या आधी गप्प बसून ती सगळी बघायच्या, कर्सर फिल्मभर फिरायचा. मग बोलायच्या. मी रेकॉर्डिंग ऑफिसात नेलं, स्मूदिंग लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर ठेवलं.

बाण सुरेख सरकत होता. मॅडम बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. स्वतःचा जुना फोटो अचानक सापडावा तसं.

“असाच होता माझा हात,” त्या हळूच म्हणाल्या.

मनात म्हटलं, जिंकलो. सॉफ्टवेअर ठरलं, कोर्स झाला, भदौरियांना पेढे.

पुढची फिल्म सुरू झाली. ती एका बाईची होती. उजव्या फुप्फुसात खाली मोठी पांढरी सावली, माझ्यासारखीलाही दिसेल अशी. मॅडमचा गुळगुळीत बाण फिल्मवरून फिरला आणि मग त्यांचा आवाज आला. पण त्या आवाजात एका वेगळ्याच जागेचा उल्लेख होता. वर, डाव्या कॉलरबोनच्या मागे एक अगदी छोटी सावली आहे, असं त्या सांगत होत्या.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “मागे घे.”

मी मागे घेतलं.

“अजून एकदा. मी इथे गेले होते ना? कॉलरबोनच्या मागे?”

“गेलाच असाल. त्याशिवाय सांगितलंत कसं?”

“मग हा बाण का जात नाही?”

मी पाहिलं. बाण खांद्याकडून छान वळण घेऊन पुढे निघून जात होता. कॉलरबोनच्या आसपासही फिरकत नव्हता. मी स्मूदिंग बंद करून मूळ चाल लावली. मूळ चालीत कर्सर स्पष्ट वर गेला होता, कॉलरबोनच्या मागे दोन्ही बाजूंना क्षणभर डोकावला होता आणि परत खाली आला होता. स्मूदिंगला ते डोकावणं म्हणजे हाताची थरथर वाटली. त्याने ती साफ करून टाकली.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

“मीनल, या जागेत टीबी लपून बसतो. हाडाच्या मागे. जो तिथे बघत नाही त्याला तो दिसत नाही. आणि तुझं सॉफ्टवेअर त्या मुलांना दाखवतंय की मॅडम तिथे न बघताच सांगून मोकळ्या झाल्या. जादू केल्यासारखं. यातून काय शिकणार ते?”

मी म्हणाले, “सोपं आहे मॅडम. एवढ्या जागी स्मूदिंग काढून टाकते. बाकी राहू दे.”

“कुठे कुठे काढशील? तुला कसं कळणार, कुठे मी बघत होते आणि कुठे नुसता हात हलत होता?”

तरी मी म्हटलं, प्रयत्न करून बघते. काम सोडवत नव्हतं, हे खरं कारण.

ऑफिसात येऊन मी सगळ्या फिल्म्सच्या कर्सरच्या मूळ नोंदी उघडल्या. प्रत्येक फिल्मवर त्या गप्प बसून बघत असतानाची चाल मी रेघ म्हणून काढून घेतली. विचार असा होता की रेघ समोर असली तर थरथर कुठली आणि बघणं कुठलं ते नजरेने निवडता येईल. गहू निवडायला बसतात तशी बसले.

पहिली रेघ पाहिली. काही कळलं नाही. दुसरी पाहिली आणि वाटलं, ही तर मघाचीच. चुकून तीच फाइल उघडली असेल. नाव तपासलं. फाइल वेगळी होती. पेशंट वेगळा, आजार वेगळा, रेकॉर्डिंगचा दिवसही वेगळा. मी सगळ्या रेघा एकावर एक ठेवल्या.

आणि मी थक्क झाले. दुसरा शब्द नाही.

सगळ्या रेघा एकाच वाटेने गेल्या होत्या. गळ्यापासून सुरुवात, श्वासनलिकेवरून खाली, मग दोन्ही कॉलरबोनच्या मागे डोकावणं, मग फुप्फुसं डावी-उजवी तुलना करत करत, हृदयाच्या मागे, छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली, बरगड्या एकेक करून, शेवटी खांद्यांची हाडं. देवळात प्रदक्षिणा घालावी तशी वाट. एकही जागा सुटत नव्हती. आणि ज्या फिल्ममध्ये मोठा आजार ठळक दिसत होता, तिथेही वाट बदलत नव्हती. मॅडम त्या ठळक सावलीला वळसा घालून पुढे जात होत्या. जणू ती तिथे नाहीच. सगळी फेरी पूर्ण झाली की मगच तिच्याकडे येत होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून चकित करणारी होती. त्या बघत असताना रेघ जवळपास सरळ होती. थरथर कुठे होती? बोलतानाची नोंद उघडली तेव्हा सापडली, त्या थांबून बोलायला लागल्या की तिथे. नजर कामात असताना हात जवळजवळ थरथरतच नव्हता. आणि मी वेडी, त्यांचं बघणं आणि त्यांची थरथर एकमेकांपासून वेगळी करायला बसले होते. ती मुळातच वेगळी होती.

मी कितीतरी वर्षं लोकांच्या स्क्रीन रेकॉर्ड करतेय. एका माणसाचं बघणं असं डोळ्यांनी दिसतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. शेजारच्या ऑफिसातले सीए साहेब काहीतरी विचारायला आले होते, त्यांना मी म्हटलं, “हे बघा, हे बघा.” त्यांना काही समजलं नाही. बिचारे “बहुत सुंदर” म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन यायची वाट न बघता मी मॅडमच्या घरी पोचले. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. एक रिकामी फिल्म आणि तिच्यावर एकावर एक पडलेल्या सगळ्या रेघा.

“हे काय?”

“या तुम्ही आहात मॅडम. सगळ्या फिल्म्स मिळून.”

बोटाने त्या रेघेवरून जात राहिल्या, गळ्यापासून खाली. बोट थरथरत नव्हतं.

“मी असं जाते?”

“दर वेळी. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही गं. मला काय पता! मी तर मुलांना एवढंच सांगत आले की सगळीकडे बघा. कुठून कुठे जायचं ते मी कधी सांगितलंच नाही. माझं मलाच माहीत नव्हतं, सांगणार काय?” मग त्या हसल्या. “माझे सर फिल्म बघताना ओठ हलवायचे. आम्हाला वाटायचं, मनात स्तोत्र म्हणतायत. ते हेच म्हणत असतील.”

“आणि ती मोठी सावली? ती समोर दिसत असताना शेवटी का?”

“मोठं काही सापडलं की माणूस खूश होतो, मीनल. आणि खूश झाला की बघणं थांबवतो. ती सावली कुठे पळून नाही जात. मागे लपलेलं आधी शोधायचं.” हे मात्र त्यांना माहीत होतं. झटकन सांगून टाकलं.

मग मी त्यांना थरथरीचं दाखवलं. कुठे आहे आणि कुठे नाही.

“हां, हा आजार असाच आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हात स्वस्थ ठेवला की नाचतो. कामाला लावला की शहाण्यासारखा वागतो.” पण नजर रेघेवरच होती. कॉलेजातलं ते लेक्चर त्यांना आठवत होतं का, कोण जाणे. मला आठवत होतं.

मी म्हणाले, “आता माझ्याकडे दोन उपाय आहेत. तुम्ही बोलत असता तिथे मी कर्सर लपवू शकते. बघत असता तिथे मूळ चाल ठेवते. हात दिसणार नाही. तुमची अट पूर्ण होते.”

“आणि दुसरा?”

“काहीच न करणं.”

बाहेर शाळेची घंटा झाली. गल्लीत पोरांचा कल्लोळ सुरू झाला. बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. मॅडम उजव्या हाताकडे बघत होत्या. तो मांडीवर थरथरत होता. या वेळी त्यांनी त्यावर डावा हात ठेवला नाही.

पोरं वर्गात गेल्यावर त्या म्हणाल्या, “मी बोलत असते तेव्हा मुलांना कुठे बघायचं ते कळायला नको? कर्सर लपवलास तर ते शोधत बसतील.”

“मग?”

“मग राहू दे. जसा आहे तसा दिसू दे. ज्यांना हसायचं ते हसतील.” आणि थोडं थांबून, “फक्त तो पिवळा गोल काढ. फारच फालतू दिसतो तो.”

मी तो काढून टाकला. त्यानंतर आजवर कुणाच्याच रेकॉर्डिंगमध्ये लावलेला नाही.

कोर्स तयार झाला. सॉफ्टवेअर तेच, तिसरं. त्याची स्मूदिंगची सोय पूर्ण बंद ठेवली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ते निवडलं तीच वापरली नाही. वापरली ती कर्सरची वेगळी नोंद. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मॅडमची वाट फिल्मवर रेघ म्हणून उमटते, तेवढं मी माझ्याकडून जोडलं. भदौरियांनी पहिला व्हिडिओ माझ्या ऑफिसात बसून पाहिला. रेघ उमटली तेव्हा ते उठून उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही कळलं नसावं. “इतने साल उनके पीछे खड़ा रहा,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मला मात्र धाकधूक होतीच. कोर्स सुरू झाल्यावर कुणीतरी काहीतरी बोलेल, ते मॅडमच्या कानावर जाईल आणि त्या घराचं दार लावून घेतील. मी रोज भदौरियांना फोन करायची. ते म्हणायचे, सब ठीक है.

कोर्समध्ये एक गृहपाठ होता. प्रत्येक डॉक्टरने एक फिल्म स्वतः वाचायची, तेच सॉफ्टवेअर वापरून रेकॉर्ड करायची आणि पाठवायची. सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज मी पाहिली. तरुण हात, स्थिर कर्सर. फिल्म उघडली की बाण सरळ मोठ्या सावलीवर जायचा आणि तिथेच संपायचा. पुढे पुढे मात्र वाट दिसायला लागली. गळा, श्वासनलिका, कॉलरबोनच्या मागे. कुठल्या कुठल्या गावांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचे कर्सर एकाच वाटेने जात होते. मी ते बघत असताना चहा गार झाला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग एक दिवस भदौरियांचा फोन आला. आवाज विचित्र होता. हसतायत की रडतायत ते कळेना.

“मीनल जी, नए वाले देखे आपने? ये लोग कर्सर हिला रहे हैं.”

“हिला रहे हैं?”

मी रेकॉर्डिंग्ज उघडली. खरंच. एक तरुण डॉक्टर कॉलरबोनच्या मागे पोचला, थांबला, बोलायला लागला आणि बोलता बोलता बाण त्या जागेवर मुद्दाम हलवत राहिला. दुसरीनेही तेच केलं. तिसऱ्यानेही. भदौरियांनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं होतं, हे काय चाललंय? तो म्हणाला, “सर, मैडम ऐसे ही तो करती हैं. जहाँ रुकना हो, वहाँ हिलाती हैं, ताकि नज़र टिके.”

त्यांना वाटलं, ही शिकवण्याची पद्धत आहे.

हे मॅडमना सांगायचं की नाही यावर आमचं दोघांचं बराच वेळ खलबत चाललं. शेवटी मी गेले. त्यांच्या घरी ऊन खोलीभर पसरलं होतं. मी काही न बोलता रेकॉर्डिंग लावलं. त्या नाक लावून बघू लागल्या, पहिल्या दिवशी बसल्या होत्या तशाच. बाण कॉलरबोनवर थांबला आणि हलायला लागला.

“याला पण पार्किन्सन्स आहे?” त्यांनी काळजीने विचारलं.

मी सांगितलं.

आधी त्यांचा विश्वास बसेना. मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. उजवा हात टेबलावर होता, तो हसण्याबरोबर आणखीच नाचत होता. त्यांनी त्याला नाचू दिलं.

“चांगलं आहे,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “थांबतायत ना तिथे? मग बघतायत.”

आता माझ्याकडे कुणी स्क्रीन रेकॉर्डर कुठला घेऊ म्हणून विचारायला आलं, की मी त्यातल्या सोयींची यादी वाचून दाखवत नाही. ती कुठेही छापलेली असते. मी आधी एवढंच तपासते की ते न विचारता काय काय साफ करून टाकतं. ग्राहक म्हणतात, मीनल मॅडम, आम्हाला तर एकदम स्मूद पाहिजे. मी देते. पण त्याआधी त्यांना मूळ रेकॉर्डिंग एकदा बघायला लावते.